पगार महागाईला पुरा पडतोय का? घरच्या वहीतून उत्तर काढू या

पुण्याजवळ भोसरीत राहणाऱ्या एका जोडप्याने माझ्यासमोर दोन कागद ठेवले. एक जानेवारी २०२०ची पगाराची चिठ्ठी, दुसरी जानेवारी २०२५ची. पहिलीत हातात आलेले २४,००० रुपये, दुसरीत २८,०००. तो एका लहान वर्कशॉपमध्ये फिटर आहे. ती गेली काही वर्षं एका मेससाठी घरी पोळ्या लाटते, त्याचे महिन्याला ६,००० येतात. त्याचा प्रश्न सरळ होता : "ताई, माझे चार वाढले, हिचे सहा आले. दहा हजारांनी आम्ही पुढे गेलो. मग पंचवीस तारखेनंतर खिसा तसाच रिकामा का?"

बचत गटाच्या बैठकांत हिशेबाची वही लिहायला शिकवता शिकवता हा प्रश्न मी असंख्य वेळा ऐकला आहे. त्याच्या पाठोपाठ येणारं उत्तरही ठरलेलं असतं : आमचाच हात सैल झाला असेल. बाई म्हणते, मी भाजीत जास्त घालवते. पुरुष म्हणतो, माझा चहा-पानाचा खर्च वाढला. मला याचं फार वाईट वाटतं. हिशेब न करता स्वतःला दोषी ठरवणारी ही माणसं शंभर-दोनशे रुपये वाचवायला मुलांचं दूध कमी करतात आणि जिथून खरी गळती आहे तिकडे पाहतच नाहीत. म्हणून आधी हिशेब. रविवारची एक दुपार, जुन्या चिठ्ठ्या, बँकेचं पासबुक, एक वही आणि मोबाईलवरचा कॅल्क्युलेटर, एवढ्यावर तो होतो.

पहिलं माप सरकारी घ्या

केंद्राचं सांख्यिकी मंत्रालय दर महिन्याच्या १२ तारखेच्या आसपास ग्राहक किंमत निर्देशांक जाहीर करतं. वर्तमानपत्रात मथळा येतो तो महागाईच्या दराचा. आपल्याला दर नको, निर्देशांकाचा मूळ आकडा हवा. २०१२ हे वर्ष १०० धरून काढलेल्या मालिकेत देशाचा एकत्रित निर्देशांक जानेवारी २०२० मध्ये १५०.२ होता आणि जानेवारी २०२५ मध्ये १९३.४. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की १.२९ येतात. म्हणजे पाच वर्षांपूर्वी १०० रुपयांना येणाऱ्या वस्तूंना सरासरीने १२९ रुपये पडू लागले.

आता त्या फिटरचे २४,००० याच प्रमाणात वाढवा. साधारण ३०,९०० होतात. २०२० सालचं राहणीमान तेवढंच राखायला त्याच्या हातात एवढे यायला हवे होते. आले २८,०००. कागदावर चार हजारांची वाढ दिसणाऱ्या या माणसाचा पगार खरं तर २,९०० रुपयांनी घटला आहे. हा आकडा वहीत लिहिला तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

एक सांभाळा. पायाभूत वर्ष अधूनमधून बदलतं आणि नवी मालिका पुन्हा १०० पासून सुरू होते. भागाकार करताना दोन्ही आकडे एकाच मालिकेतले घ्या, नाहीतर उत्तर भलतंच येईल. पल्लाही निदान पाच वर्षांचा ठेवा. एका वर्षाच्या हिशेबात कधी टोमॅटो शंभरी ओलांडतो, कधी कांदा कोसळतो. पाच वर्षांत असल्या लाटा एकमेकींत जिरून जातात.

आणि दराबद्दलचा एक घोळ इथेच सोडवून टाकू. ऑक्टोबर २०२५चा किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के जाहीर झाला, त्या मालिकेतला सगळ्यात कमी. पुष्कळांना वाटलं, सरकार थट्टा करतंय, आमच्या घरात तर काहीच स्वस्त झालं नाही. पण दर म्हणजे भाव चढण्याचा वेग. खंबाटकीच्या घाटात एसटी थांबली म्हणून ती पायथ्याशी परत आलेली नसते. एप्रिल २०२२ मध्ये हाच दर ७.७९ टक्के होता. त्या चढावर जी उंची गाठली गेली, बहुतेक खर्च अजून तिथेच आहेत. म्हणून मालकाने "आता महागाई नाही" असं सांगितलं, तर गेल्या पाच वर्षांचा चढ पगारात भरून निघाला का, एवढंच विचारा.

मग स्वतःच्या घराचं माप

सरकारी सरासरी कुठल्याच एका घराची नसते. २०१२च्या मालिकेत खाण्यापिण्याला १०० पैकी ४५.८६ भार होता आणि घरभाड्याला फक्त १०.०७, कारण गावांसाठी भाडं त्यात धरलेलंच नव्हतं. भोसरीत भाड्याने राहणाऱ्या माणसाला हे लागू कसं पडणार? तेव्हा दोन रकाने आखा, तेव्हाचा खर्च आणि आत्ताचा. त्यांच्या वहीत असं निघालं : भाडं ६,००० वरून ८,५००, कारण अकरा महिन्यांचा करार संपला की मालक दरवेळी वाढ मागतोच. किराणा, दूध, भाजी मिळून ७,५०० वरून १०,५००. मुलांची शाळा २,५०० वरून ४,५००. पेट्रोल आणि प्रवास १,८०० वरून २,४००. गॅस, वीज, मोबाईल १,७०० वरून २,३००. दवाखाना ८०० वरून १,५००. कपडे, सणवार आणि गावाकडे पाठवायचे मिळून २,००० वरून २,६००. बेरीज तेव्हा २२,३००, आता ३२,३००. वाढ ४५ टक्के. देशाचा आकडा २९ सांगतो आणि हे घर ४५ टक्क्यांनी महागलं!

पण इथे प्रामाणिक राहायला हवं. सगळीच वाढ महागाई नव्हे. मोठा मुलगा तेव्हा बालवाडीत होता, आता पाचवीत आहे. शाळेच्या वाढीव दोन हजारांतला निम्मा भाग भाव वाढल्याचा आणि निम्मा मूल मोठं झाल्याचा. त्यामुळे प्रत्येक ओळीपुढे एक खूण करा : भाव वाढला की गरज वाढली? वाढलेली गरज म्हणजे चूक नव्हे, पण ती वेगळी मांडली नाही तर हिशेब आपल्यालाच फसवतो. ते हजार रुपये वगळले तरी या घराची महागाई ४० टक्क्यांवर राहिली.

उलट काही ठिकाणी भाव तोच दिसतो आणि महागाई आत लपलेली असते. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांचाच आहे, आतली बिस्किटं कमी झाली. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. त्याच्याच शेजारी तशीच दिसणारी ८५० ग्रॅमची किंवा त्याहून कमी वजनाची पिशवी मांडलेली असते आणि घाईत ती लिटर म्हणून घरी येते. वाण्याची यादी लिहिताना रुपयांपुढे किलो-ग्रॅमही लिहा, म्हणजे हे सापडेल.

वर्षाचे मोठे खर्च विसरू नका. शाळेचा प्रवेश, विम्याचा हप्ता, घरपट्टी, दिवाळी, एखादं आजारपण. रोजचे खर्च डोळ्यांसमोर असतात म्हणून त्यांचाच त्रास जास्त जाणवतो. कोथिंबिरीची जुडी दहाची वीस झाली तर घरभर चर्चा होते, आणि शाळेने फी १२ टक्क्यांनी वाढवली तर मुकाट्याने भरली जाते. वर्षाचे खर्च एकत्र करून १२ ने भागा आणि महिन्याच्या रकान्यात घाला. माझ्या अनुभवात बहुतेक घरांची खरी गळती इथे आणि भाड्यात असते, भाजीच्या पिशवीत क्वचितच.

वाढ आली कुठून?

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. हिशेब करणारी शहाणी माणसंसुद्धा बहुधा इथे थांबतात, म्हणून जरा सावकाश सांगते.

या घराचं उत्पन्न तेव्हा २४,००० आणि खर्च २२,३००. शिल्लक १,७००. आज उत्पन्न ३४,०००, खर्च ३२,३००. शिल्लक तीच, १,७००. वरवर पाहता घराने महागाईशी बरोबरी केली. पण बरोबरी केली कोणी? तो महिन्याला २६ दिवस, रोज ८ तास काम करतो, म्हणजे २०८ तास. तेव्हा घर त्या २०८ तासांवर चालायचं. आज ती पहाटे साडेचारला उठते, कणीक भिजवते, ८० पोळ्या लाटते, भाजते, डबा पोचवते, ओटा आवरते. रोजचे ३ तास, महिन्याचे ९०. घर चालवायला आता २९८ तास लागतात. २४,००० भागिले २०८ केलं तर तासाला ११५ रुपये येतात. ३४,००० भागिले २९८ केलं तर ११४. पाच वर्षांत सगळ्या वस्तू महागल्या आणि या घराच्या एका तासाच्या मेहनतीची किंमत एका रुपयाने कमी झाली.

त्यात मेसवाला पीठ आणि तेल देतो, गॅस मात्र तिचा. पूर्वी दोन महिने जाणारा सिलिंडर आता पाच आठवड्यांत संपतो. एप्रिल २०२५ मध्ये घरगुती सिलिंडर मुंबईत ८५२ रुपये ५० पैशांना झाला होता, पुण्यात तेवढ्याच घरात. म्हणजे तिच्या सहा हजारांतले तीनेकशे रुपये चुलीतच जातात. उरलेल्या ५,७०० ला ९० तासांनी भागलं तर तिच्या तासाला ६३ रुपये पडतात. कमाईसाठी जो खर्च करावा लागतो तो कमाईतून वजा करायचा, ही साधी रीत घरातल्या बायकांच्या कामाला कुणी लावतच नाही.

तुमच्या घरातही हे विचारा. उत्पन्न वाढलं ते पगार वाढला म्हणून, की कुणी जादा पाळी करू लागलं, कुणी सुटीच्या दिवशी स्विगीची पिशवी खांद्याला लावली, कॉलेजातली मुलगी शिकवण्या घेऊ लागली, म्हणून? की शिल्लक दिसते ती पाटल्या गहाण ठेवल्यामुळे? या सगळ्याला मी वाईट म्हणत नाही. पण त्याला "पगार पुरतोय" असं नाव देऊ नका.

ही एकट्या भोसरीची गोष्टही नाही. केंद्र सरकारच्या २०२४-२५च्या आर्थिक पाहणी अहवालात, महागाई वजा करून काढलेलं नियमित पगारदार पुरुषांचं महिन्याचं सरासरी वेतन २०१७-१८ मध्ये १२,६६५ रुपये आणि २०२३-२४ मध्ये ११,८५८ रुपये दिलं आहे. रोजंदारीवरच्या पुरुषांची मजुरी मात्र त्याच मापाने दिवसाला २०५ वरून २४२ वर गेली. ज्यांच्या हातात दरमहा ठरलेली चिठ्ठी पडते त्यांची घसरण झाली, हे लक्षात घ्या. तेव्हा स्वतःच्या चहाला दोष देणं थांबवा.

आकडा हाती आल्यावर

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याची रीत पाहण्यासारखी आहे. त्याला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, महागाई भत्ता सुधारून मिळतो. तो औद्योगिक कामगारांच्या किंमत निर्देशांकाला बांधलेला आहे. जानेवारी २०२० मध्ये हातात पडणारा भत्ता १७ टक्के होता, जानेवारी २०२५ पासून लागू झालेला ५५ टक्के. मूळ पगार ३०,००० धरला तर भत्त्यासह ३५,१०० चे ४६,५०० झाले, तेही वार्षिक वेतनवाढ न धरता. मधलं दीड वर्ष करोनात भत्ता गोठवला होता, तरीही. खासगी नोकरीत अशी बांधणी बहुधा नसते. म्हणून आपला निर्देशांक आपणच घेऊन जावा लागतो.

पगारवाढीची बोलणी व्हायच्या आधी, शक्यतो जानेवारी-फेब्रुवारीत, अर्ध्या पानाचा कागद तयार करा. त्यावर घरची रडकथा नको. २०२० चा पगार, निर्देशांकाचे दोन आकडे, त्यावरून येणारी रक्कम, आजची रक्कम, फरक. खाली या काळात शिकलेलं काम. "साहेब, मी वाढ मागत नाही, २०२० मध्ये तुम्ही जे देत होतात तेवढंच मागतोय," हे वाक्य भोसरीच्या त्या फिटरने तसंच म्हटलं. मालकाने २,९०० दिले नाहीत, पण एप्रिलपासून १,५०० वाढवले आणि पुढच्या वर्षी पुन्हा हाच कागद घेऊन ये असं सांगितलं. कंपनीने "८ टक्के वाढ" सांगितली तर ती कशावर, हेही विचारा. पूर्ण पॅकेजवरचे ८ टक्के हातात येईपर्यंत कधीकधी ५ होतात.

किमान वेतनाच्या आसपास काम करणाऱ्यांनी याहून आधी एक गोष्ट तपासावी. महाराष्ट्रात किमान वेतनात मूळ दराबरोबर विशेष भत्ता असतो आणि तो किंमत निर्देशांकाप्रमाणे दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. तो देणं मालकाच्या मर्जीवर नाही. सुरक्षारक्षक, दुकानातले, हॉटेलातले, कारखान्यातले पुष्कळ कामगार वर्षानुवर्षं जुन्याच आकड्यावर सही करतात. आपल्या उद्योगाचा चालू सहामाहीचा दर कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून मिळवा आणि चिठ्ठीशी ताडून पाहा. फरक निघाला तर तक्रार तिथेच करता येते. दोन-चार जणांनी मिळून गेलं तर बरं.

स्वतःचा धंदा असेल तर मालकही तुम्हीच, आणि दर न वाढवणारेही तुम्हीच. मुंबई महानगरात रिक्षाचं किमान भाडं जून २०१५ पासून १८ रुपये होतं, ते मार्च २०२१ मध्ये २१ झालं. पावणेसहा वर्षं तोच आकडा. त्या काळात रिक्षावाल्याने किती जादा फेऱ्या मारून घर चालवलं असेल, याचा विचार मनातून जात नाही. रिक्षाचा दर सरकार ठरवतं, शिवणाचा, शिकवणीचा, घरकामाचा, डब्याचा दर मात्र आपण ठरवतो. चार वर्षं गप्प बसून एकदम २५ टक्के मागितले की गिऱ्हाईक तुटतं. पाडवा किंवा दिवाळी असा दिवस ठरवा आणि दरवर्षी थोडं, ५ ते ७ टक्के, न चुकता वाढवा. महिनाभर आधी सांगा. लोक ठरलेल्या वाढीला सरावतात.

शेतकरी घरांना ठरलेला पगारच नसतो, म्हणून त्यांनी तीन वर्षांची सरासरी काढावी आणि रुपयांऐवजी मालात मोजून पाहावं. २०२१ मध्ये सोयाबीन काही काळ क्विंटलला १०,००० च्या घरात गेलं होतं. तेव्हा डीएपी खताचं पोतं १,२०० रुपयांचं होतं, म्हणजे १२ किलो सोयाबीनला एक पोतं. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ असूनही बाजारात माल त्याखाली जात होता. ४,२०० चा भाव धरला तर १,३५० च्या पोत्याला ३२ किलो सोयाबीन द्यावं लागलं. चांगल्या वर्षाच्या भावावर ट्रॅक्टरचा हप्ता किंवा मुलीच्या कॉलेजची फी बांधू नका, सरासरीवर बांधा.

निवृत्तांची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण त्यांच्या हातात करण्यासारखं कमी आहे आणि तेच दुःखाचं आहे. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला नाही. किमान पेन्शन १,००० रुपये ठरली ती सप्टेंबर २०१४ मध्ये, आणि पुढची दहा वर्षं ती तेवढीच राहिली. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १० लाख ठेवले आणि ८.२ टक्के व्याज धरलं तर दर तिमाहीला २०,५०० येतात, पण मुद्दल १० लाखच राहतं आणि त्याची किंमत दरवर्षी झिजते. पोराबाळांचा आधार असेल आणि जमत असेल तर त्या व्याजातले ५,००० तिमाहीला बाजूला टाका आणि पुन्हा ठेवीत घाला. जमत नसेल तर निदान सगळी पुंजी एका फटक्यात फ्लॅटमध्ये किंवा लग्नात घालू नका.

भोसरीच्या वहीत शेवटची नोंद तिच्या हातची आहे. पोळीला अडीच रुपये हा दर तिने काम धरलं तेव्हापासूनचा. पाडव्याच्या महिनाभर आधी तिने मेसवाल्याला सांगितलं, पोळीला तीन रुपये आणि गॅसचे पैसे वेगळे. तो गॅसला नाही म्हणाला, तीन रुपयांना हो म्हणाला. तिने मग ८० ऐवजी ७० पोळ्या घ्यायचं ठरवलं. महिन्याचे ६,३०० होतात. पहाटेचा गजर आता पाचचा आहे.